उलटे सिंह

हुडको, भिलाई
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

दादा,

काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. रविवारी, १४ डिसेंबरला, इथे नाण्यांचं प्रदर्शन आहे.
२. त्यात बाबांना पहिल्यांदाच स्वतःची काचपेटी मिळाली आहे. टांकसाळीत चुकून बाहेर पडलेल्या नाण्यांची.
३. पेटीत एकतीस नाणी बसतात. प्रत्येकाखाली एक चिठ्ठी: काय चुकलं, कुठे सापडलं, कोणाला सापडलं. चिठ्ठ्या मी टाइप करते आहे.
४. तीस झाल्या.
५. एकतिसावं नाणं बाबांनी स्वतः कपाटातून काढून आणलं. तू दिलेलं पाच रुपयांचं.
६. त्याच्या चिठ्ठीवर त्यांना तुझं नाव घालायचं आहे. तुला विचारल्याशिवाय घालायचं नाही, असंही तेच म्हणतात.

म्हणून हे पत्र. तू फोन उचलत नाहीस आणि मेसेज तुझ्यापर्यंत पोहोचतात की नाही ते कळत नाही. चाकणचा पत्ता पीयूषने दिला. त्याच्यावर रागवू नकोस, तुझा मित्र म्हणून तो बराच वेळ अडून बसला होता.

तुला वाटेल, सहा वर्षांनी पत्र, तेही त्याच नाण्याबद्दल, म्हणजे टोमणा. टोमणा नाही. मला ते जमत नाही. ते आईचं खातं आहे.

बाबांनी नाणं टेबलावर ठेवलं तेव्हा ती मेथी निवडत होती. म्हणाली, "एवढी चिल्लर घरात हाये, अन् भाजीवाल्याले द्याले सुट्टे पाच नाही भेटत. हेच देऊन टाका."

"हा नाही चालत बाजारात."

"कावून? पाचच तं हाये."

"पाच कुठं लिवलं हाये, दाखव."

तिने उलटून पाहिलं. एका बाजूला सिंह, उठावाचे. दुसऱ्या बाजूला आकडा हवा, तिथेही सिंहच, पण आत गेलेले आणि आरशातल्यासारखे उलटे. टांकसाळीत असं क्वचित होतं. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहतं आणि पुढच्यावर स्वतःचा ठसा उमटवतं. तुझं नाणं टांकसाळीत तसं झालं नाही, ते तू हथखोजच्या वर्कशॉपमधल्या प्रेसवर केलंस, हे आता घरात सगळ्यांना माहीत आहे आणि रायपूरच्या संग्राहकांनाही. त्यामुळे विचारणं आणखी गरजेचं. नाणं मुद्दाम बिघडवणं कायद्यात बसत नाही. तुझ्या नावाने ते लोकांसमोर ठेवायचं तर तुझी परवानगी हवी.

बाकी ठीक. आईचे गुडघे तसेच. मी हथखोजलाच आहे, कास्टिंगच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये. धातूचे तुकडे कापायचे, घासायचे, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे आणि तडा कुठे आहे ते लिहायचं. बाबांच्या डोळ्यांचं थोडं काम चालू आहे.

जयभीम.

आम्रपाली


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

दादा,

पत्र सोमवारी पोहोचलं, असं पोस्टाच्या साइटवर दिसतं. पोहोचलं म्हणजे वाचलं असं होत नाही. तरी पुढचं लिहिते, कारण 'काय चुकलं' या ओळीत काय लिहायचं ते ठरवायला मला नाणं नीट बघावं लागलं.

बाबांना विचारून ते लॅबमध्ये नेलं. जेवणाच्या सुट्टीत बघितलं, कारखान्याच्या वेळेत नाही. नाणं नेहमीपेक्षा किंचित पसरलं आहे. टांकसाळीत त्याच्याभोवती पोलादी कडं असतं, तुझ्याकडे ते नव्हतं. खोल गेलेल्या सिंहांच्या मागे, प्रकाश तिरका पाडला की, मूळच्या पाचाच्या आकड्याची सावली दिसते. कोऱ्या चकतीवर ती असायचं कारण नाही. आणि उठावाच्या बाजूला, सिंहांच्या तोंडांवर, एक बारीक खवल्यांसारखी जाळी आहे. ती धातूची नाही. कशाची ते मला पहिल्या दिवशी कळलं नाही.

एक गोष्ट तू चांगली केलीस. दाबण्याआधी तापवून मऊ केलंस. नाहीतर कडेला चिरा पडल्या असत्या. तुझ्या कडेला एकही नाही. मी पूर्ण फिरवून पाहिली.

हे मी घरी सांगितलं तर आई म्हणाली, "मले नको सांगू. माह्याच गॅसवर तापवला त्यानं. चांगला चिमटा काळा करून ठेवला, अन् म्हणे, पापड भाजून राहिलो."

म्हणजे तिला तेव्हाच माहीत होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, "पापड नाही दिसला ना मले कुठं. मी म्हटलं, सांगन त्याचा तो."

चिठ्ठ्या टाइप करताना ते रविवार आठवतात. तुला आठवतात की नाही, माहीत नाही. बाबा पावर हाउसच्या बाजारातल्या टपऱ्यांवरून आणि पानठेल्यांवरून नोटा देऊन चिल्लर आणायचे. खाली पेपर, त्यावर ढीग, ढिगाभोवती आपण चौघं. ज्याला चुकलेलं सापडेल त्याने "थांबा" म्हणायचं आणि त्यावर अंगठा ठेवायचा. मग सगळ्यांनी हात मागे घ्यायचे. बाबा भिंग घेऊन येईपर्यंत अंगठा उचलायचा नाही. खरं निघालं की ज्याचा अंगठा त्याचं नाव, कायमचं.

तीस चिठ्ठ्यांत ती नावं आहेत. आई, मी, आई, बाबा, मी, आई. एकावर शेजारच्या अंजनाबाई. त्या फक्त साखर मागायला आल्या होत्या. वाटी हातात धरून वाकल्या आणि म्हणाल्या, "हा कावून वाकडा छापला?" आणि खरोखरच एका बाजूचा साचा फिरलेला होता.

तुझं नाव एकाही चिठ्ठीवर नाही. हे मला आधी माहीत होतं, पण सगळ्या चिठ्ठ्या एकाखाली एक टाइप झाल्यावर ते वेगळं दिसलं. तू सगळ्यांत जास्त वेळ बसायचास. आम्ही उठल्यावरही ढिगाशी तूच असायचास. तुझं "थांबा" दर वेळी घाईचं निघायचं. कोणीतरी ठोकलेलं, रुळावर ठेवून चपटं केलेलं, घासलेलं. बाबा भिंगातून बघायचे आणि म्हणायचे, "हे बाहेर झालं, टांकसाळीत नाही." मग तू अंगठा पँटला पुसायचास.

यातून काही अर्थ काढू नकोस. मी चिठ्ठ्यांबद्दल लिहिते आहे.

आम्रपाली


शनिवार, २९ नोव्हेंबर

दादा,

दुसरं पत्रही पोहोचलं. सही केलेली पोचपावती परत आली. 'प्र. जा. रामटेके', आणि खाली तीच रेघ, जी तू दहावीपासून मारतोस. पावती मी ठेवून दिली आहे. नोंदीसाठी.

त्या जाळीचा उलगडा झाला. तो तुला सांगणं मला आवश्यक वाटतं, कारण त्याचा संबंध रायपूरशी आहे. रायपूरला मी नव्हते. जे लिहिते ते बाबांच्या तोंडचं आहे.

सूक्ष्मदर्शकातला फोटो मी लॅपटॉपवर मोठा करून बाबांना दाखवला. त्यांनी चेहरा स्क्रीनच्या फार जवळ नेला. नंतर हसले. बाबा असे हसतात हे मी विसरले होते.

"हे काय हाये, सांगू? माह्या बुटाची जीभ."

बाबांचे स्टील प्लांटमधले जुने सेफ्टी शूज बाल्कनीत पडलेले असायचे. तू त्यातलं चामडं घेतलंस. खालच्या बाजूचे सिंह चेपू नयेत म्हणून उशीसारखं ठेवलंस. कल्पना बरोबर होती. पण दाब इतका होता की चामड्याचा पोत सिंहांवर उमटला. रबर घेतलं असतंस तर ही जाळी उमटलीच नसती.

मी विचारलं, "तुम्हाला कधी समजलं?"

"त्यानं देल्ला त्याच्या पहिलेच. बूट पाहिला तं जिभेले गोल भोक. पहिले म्हटलं, उंदरानं खाल्ली असन. पण उंदीर कंपास लावून नाही खात."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पोळीचं पीठ हाताला तसंच. "म्हणजे तुमाले ठाऊक होतं? अन् तरी घेऊन गेले रायपूरले?"

"होय."

"कायले?"

"दाखवाले."

"खोटा सिक्का दाखवाले?"

"सारे आपआपले सिक्के दाखवतेत. मी म्हटलं, आपण पोट्टा दाखवू."

आई खुर्चीवर बसली. बाबा माझ्याकडे न बघता बोलत होते. त्यांनी ठरवलं होतं की रायपूरच्या संग्राहकांच्या बैठकीत नाणं सगळ्यांच्या हातात फिरवायचं, त्यांना ओळखू द्यायचं, आणि शेवटी सांगायचं की हे माझ्या मुलाने केलं. तुला आधी सांगितलं नाही. "म्हटलं, तिथंच मजा येईन. त्याचं तोंड पाहाचं होतं मले."

पण नाणं फिरायच्या आधीच त्या म्हाताऱ्या संग्राहकाने तुला विचारलं, "कहाँ मिला, बेटा?" आणि तू जे घरी सांगितलं होतंस तेच तिथेही सांगितलंस. पावर हाउस में, चाय की टपरी पे, छुट्टे में. तो म्हणाला, "टपरीवाला चाय के साथ प्रेस भी रखता है क्या?" आणि सगळे हसले. तू बाबांकडे पाहिलंस. बाबा म्हणतात, तू किती वेळ पाहत होतास ते त्यांना अजून आठवतं.

आई म्हणाली, "तवा तरी बोलाचं. मीच सांगणार होतो म्हणाचं."

"कसा बोलतो? त्यानं साऱ्यायच्या समोर टपरीचं नाव घेतलं होतं. मी खरं बोललो असतो तं पोट्टा लबाड ठरते. नाही बोललो, तरी ठरलाच."

मग परतीची गाडी. ते वाक्य तुला पाठ असणार. आईने ते पहिल्यांदा ऐकलं, म्हणून लिहिते. "कुम्हारी टेसन गेलं अन् मी त्याले म्हटलं, ज्याले शोधता येत नाही तो बनवते. माह्यावरचा राग होता. त्याच्या अंगावर टाकला."

"सहा वर्सं झाले," आई म्हणाली. "आता सांगून राहिले." ती आत गेली. त्या दिवशीच्या पोळ्या जाड झाल्या. सगळ्यांनी त्या खाल्ल्या.

त्या संध्याकाळी मी घरी होते. तू दारातच उभा राहून बॅग मागितलीस आणि मी भरून दिली. डिसेंबर होता आणि मी त्यात स्वेटर घातला नव्हता, हे मला नंतर सुचलं. चाकणला फार थंडी पडत नाही, असं मी तेव्हा इंटरनेटवर पाहिलं होतं.

बाबांनी हे तुला लिही असं सांगितलेलं नाही. लिहू नको असंही सांगितलेलं नाही. मी टाइप करत होते तेव्हा ते शेजारच्या खोलीत होते आणि त्यांनी रेडिओ बंद केला.

आम्रपाली


बुधवार, ३ डिसेंबर

दादा,

पहिल्या पत्रात बाबांच्या डोळ्यांबद्दल 'थोडं काम चालू आहे' असं लिहिलं होतं. ते अचूक नव्हतं. अचूक असं आहे: उजव्या डोळ्याने दिवाळीपासून फक्त उजेड आणि अंधार कळतो. डाव्यात मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. माणूस समोर उभा राहिला तर त्यांना त्याचे कान दिसतात आणि चेहरा दिसत नाही. रायपूरला डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही. मी दोन वेळा विचारलं.

आधी लिहिलं नाही, कारण तू चिठ्ठीचं उत्तर डोळ्यांकडे बघून द्यावंस असं मला नको होतं. आता लिहिते, कारण तुला नंतर कळलं असतं तर ते जास्त वाईट झालं असतं. दोन्हींतलं बरोबर कोणतं, ते मी ठरवू शकले नाही.

नाणी ते अंगठ्याने ओळखतात. रेल मिलमध्ये तपासणीला असताना थंड झालेल्या रुळावर हात फिरवून खडूची खूण करायचे, तो हात अजून तसाच आहे. तीसपैकी कुठलंही हातात दे, ते काय चुकलं ते सांगतात आणि मग कोणाला सापडलं ते. काल अंजनाबाईंचं नाणं हातात आलं तर म्हणाले, "साखर." तुझं सगळ्यांत लवकर ओळखतात. त्याला एक खोलगट बाजू आहे आणि अंगठा तिथे नीट बसतो. टीव्ही लावलेला असला की ते नाणं त्यांच्या हातात असतं. मी पुन्हा जागेवर ठेवते, ते पुन्हा घेतात. त्याने झीज होते, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि ठेवलं नाही.

रविवारी शामसुंदर काका पेटी बघायला आले होते. प्रदर्शन तेच भरवत आहेत, म्हणून त्यांच्या म्हणण्याला वजन आहे. एकतिसावं नाणं पाहून त्यांनी चष्मा काढला.

"जानराव भाऊ, खऱ्यायच्या पंगतीत हा? लोग क्या बोलेंगे?"

"लोकायनं बोलून घेतलं सहा वर्सापहिले. आता नवीन काय बोलतीन?"

"मग असं करा, नाव नका टाकू. बनावट कशी ओळखायची, म्हणून नमुना ठेवा. लोकायले शिकाले भेटन. मी वेगळा लाल कागद लावून देतो."

"लाल कागद नाही."

"अरे, पण कायद्यात..."

"शामसुंदर, बस जरा," बाबा म्हणाले. काका उभेच होते, ते बसले. "हे तीस सिक्के हायेत. कोणत्या माणसाच्या हातून चुकले, एकाचं बी नाव मले ठाऊक नाही. कोण होता, त्या दिवशी त्याचं पोर बिमार होतं का झोप नव्हती झाली, काहीच नाही ठाऊक. जल्मभर मी त्यायच्या चुका जपल्या. हा एकच हाये ज्याचा माणूस मले माहीत हाये. अन् त्याचंच नाव नाही टाकू?"

आईने चहा आणला. ती म्हणाली, "घ्या भाऊजी, चहा खरा हाये." तेव्हा ते हसले. जाताना मला म्हणाले, "पोराले विचारून घे बेटा. त्याचं मन नसन तं आपण कोण टाकणारे." त्यांचं हे बरोबर आहे.

चिठ्ठी बाबांनी सांगितली, मी टाइप केली. माझा एकही शब्द नाही.

*पाच रुपये. दोन्ही बाजूंना सिंह, एका बाजूला उलटे.*
*टांकसाळीत नाही, भिलाईत झालं.*
*घडवणारा: प्रफुल जानराव रामटेके.*

बाकीच्या तीस चिठ्ठ्यांवर शेवटची ओळ 'सापडलं' अशी सुरू होते. ही वेगळी आहे, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, "वेगळीच पाहिजे."

तुझं उत्तर 'नाही' असेल तर नाणं पेटीत जाणार नाही. नाव काढून ठेवायला ते तयार नाहीत. एकतिसावी जागा रिकामी राहील आणि नाणं त्यांच्या खिशात राहील. यावरून ते तुझ्यावर रागावणार नाहीत, मी विचारून घेतलं आहे. उत्तरच आलं नाही, तरी असंच होईल. फक्त मग ते शनिवारी काच लागेपर्यंत वाट बघतील आणि पेटी बंद करू देणार नाहीत. मला तो शनिवार नको आहे.

तू यावंस की नाही, हे मी विचारत नाही. तुझी सुट्टी, तुझं काम, तुझं मन मला माहीत नाही. प्रदर्शन सकाळी दहाला उघडतं, एवढं लिहून ठेवते. माझं मत कोणी विचारलेलं नाही. तरी, नाव असावं.

चिठ्ठ्या शुक्रवारी, १२ डिसेंबरला, छापायला जातील. उलट टपालाला आता वेळ पुरणार नाही, तेव्हा फोन कर. घरचा नंबर तोच आहे. हो की नाही, एवढंच सांगायचं आहे, आणि ते गुरुवारी, ११ डिसेंबरला, संध्याकाळी सातच्या आत. फोन बाबा उचलतील. नंबर कोणाचा आहे ते त्यांना वाचता येत नाही, म्हणून आधी नाव सांग.

आम्रपाली